मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीत गोळी मध्येच अडकली आहे, बार उडवावा का?

तातडीचं आहे, म्हणून थेट विचारतो.

आम्ही राजापूर तालुक्यातले. वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना आहे, आजोबांपासूनची एकनळी ठासणीची बंदूक. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत मळा लोळवून जातात. त्यांना पळवायला म्हणून बाबा काल संध्याकाळी बार भरायला बसले. दारू ओतली, वरून काथ्या आणि गोळी सारली, आणि ठासायचा गज मध्येच थांबला. एरवी भरल्यावर गज नळीच्या तोंडाबाहेर चार बोटं उरतो. काल वीतभर उरला. दारू पेटवणारी टोपी अजून चढवलेली नाही.

घोळ पुढे आहे. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. तिथे कायद्याने चालतं, त्यामुळे पिस्तुलाची काडतुसं तो स्वतः भरतो. गणपतीला आला तेव्हा सांगत होता, की काडतुसात गोळी ठरल्यापेक्षा थोडी जरी जास्त आत बसली तरी दाब भयंकर वाढतो. बाबांनी ते नेमकं लक्षात ठेवलंय. म्हणतात, "आत गेली की जोर वाढतो ना? मग ही तर वर राहिलीय, जोर कमीच होणार. उडव बार, नळी मोकळी होईल."

मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. बंदूक खोलीत कुलूप लावून ठेवली आहे. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

बार अजिबात उडवू नका. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. मी सैन्यात शस्त्रदुरुस्तीत होतो.

तुमचा भाऊ म्हणतो ते काडतुसापुरतं खरं आहे. ९ मिमीच्या काडतुसात दारूला जागा मुळातच जेमतेम. गोळी आत सरकली की ती आणखी घटते, दारू झपाट्याने जळते आणि दाब ३५,००० पौंड प्रति चौरस इंच या अमेरिकी मर्यादेच्या पार जाऊ शकतो. एकच काडतूस पुन्हा पुन्हा पिस्तुलात चढवलं तरी गोळी अशीच मागे ढकलली जाते.

ठासणीत गोळी दारूवर टेकलेलीच हवी. मध्ये पोकळी राहिली की गोळी ही नळीत अडकलेला दगड झाली. पेटलेल्या दारूचा वायू मोकळ्या जागेतून धावत येऊन तिच्यावर आदळतो आणि तिथे दाब एकाएकी चढतो. नळीला फुगवटा येतो, नाहीतर ती फाटते. नेम धरताना डावा हात कुठे असतो, ते वडिलांनी एकदा आठवून बघावं.

टोपी चढवू नका, गज ठोकू नका, नळीच्या तोंडासमोर कुणाला येऊ देऊ नका. भरलेली बंदूक एसटीत किंवा गाडीत घालून नेऊ नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा आणि परवानाधारक कारागिराला घरी बोलवा. तो टोपी बसते त्या भोकातून पाणी सोडून दारू भिजवेल, मगच गोळी काढेल. हे घरी करू नका, कारण भिजलेली काळी दारू वाळली की पुन्हा पेटू शकते.

धागाकर्ता

मनापासून आभार, काका. डाव्या हाताचं वाचलं आणि बाबा बराच वेळ गप्प बसले. मग स्वतःच ठाण्यात फोन लावला.

आज दुपारी कारागीर येऊन गेले. नळीत आतून गंजाचं कडं धरलं होतं, तिथेच काथ्या अडकला होता. गेल्या वर्षीच्या बारानंतर काजळी धुतली नव्हती, ती पावसाळाभर दमट हवेत ओल धरून बसली. नळी आता वापरायची नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सध्या रात्री शेतावर डबे वाजवतोय.

गजावर मात्र बाबांनी कानशीने दोन खुणा करून घेतल्या आहेत, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. दुसरी नळी मिळाली तर त्या नव्याने कराव्या लागतील ना?