मदत हवी आहे: बोलून झाल्यावर भान येतं, ते आधी कसं यावं?

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

मी ३६ वर्षांची, नाशिकला एकत्र कुटुंबात राहते. मुलगा तिसरीत आहे. गेल्या वर्षी त्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, उतावीळपणा आवरत नाही असा त्रास) असल्याचं निदान झालं. त्याच्या तपासणीच्या वेळी डॉक्टर घरातल्यांविषयी विचारत होते आणि मी त्यांचं प्रत्येक वाक्य मध्येच तोडत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमची स्वतःची कधी तपासणी झालीय का?" मोठ्यांचं निदान करताना लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का हे बघतात, म्हणून त्यांनी माझी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. आईने माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून दिली. चौथीच्या बाईंनी लाल शाईत लिहिलंय, "हुशार आहे. प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देते. बडबड कमी करावी." ते वाचून मी तिथेच खाली बसून रडले.

माझंही तेच निदान झालं, पण स्वभाव तोच. परवा जे झालं ते सांगते.

धाकट्या जावेला दिवस गेलेत. मागच्या वर्षी तिचा गर्भपात झाला होता, त्यामुळे तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं. तिने सासूबाईंना आणि मला, दोघींनाच सांगितलं होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एका मावससासूबाईंनी तिला सगळ्यांसमोर टोकलं, "मग, गोड बातमी कधी?" तिचा चेहरा उतरला. मला ते बघवलं नाही आणि "अहो, आहे ना बातमी, दुसरा महिना चालू आहे" हे माझ्या तोंडून निघून गेलं. तिच्या हातात आंब्याच्या डाळीची वाटी होती. ती तिने खाली ठेवली आणि आत निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पैशांचंही तेच. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला भरतकामाचं शिवणयंत्र हप्त्यांवर मागवलं, ३४ हजारांचं. सकाळी ते का हवं होतं हे मलाच सांगता येईना.

नवरा म्हणतो, मनावर घेतलंस तर जमेल. मी खरंच मनावर घेते हो. जावेशी काय बोलू? आजाराचं सांगितलं तर सबब वाटेल. आणि डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुचवलंय, पण दुकानदार म्हणाला, आम्ही असली औषधं ठेवत नाही. ते ऐकून धास्तावले आहे. नशेचं औषध आहे का ते?

रानवाटा: ताई, मला चाळिशीत कळलं. "मनावर घे" ऐकण्यात माझी वीस वर्षं गेली. अडचण हीच आहे की मनावर घ्यायला लागतात ते दोन क्षणच आपल्याला मिळत नाहीत. म्हणून मी वाटेत अडसर ठेवले. खरेदीच्या अ‍ॅपमधून कार्ड काढून टाकलं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा दोन हजारांवर आणली. काही घ्यावंसं वाटलं की फ्रिजवरच्या कागदावर तारीख टाकून लिहायचं आणि आठवडा जाऊ द्यायचा. बहुतेक गोष्टी कागदावरच राहतात. बोलण्याचं जास्त अवघड. बायकोशी एक खूण ठरवलीय: तिने घड्याळाला हात लावला की मी गप्प. आणि कुणी "कुणाला सांगू नकोस हं" म्हणालं की मी तिथेच थांबवतो. गुपित ऐकायचंच नाही.

कोरा कागद: मी फार्मासिस्ट आहे. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं औषध आहे आणि ते औषधांच्या नियमांतल्या एक्स परिशिष्टात, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, शिवाय वेगळा परवाना हवा. म्हणून सगळे ठेवत नाहीत. गैरवापर होऊ शकतो म्हणून ही कडक शिस्त, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरल्या मात्रेत घेणं ही नशा नव्हे. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक गटाबाहेरचं औषधही असतं, मात्र त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. रक्तदाब किंवा घरात कुणाला हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाऊसवेडी: माझ्या नणंदेला हाच त्रास आहे, त्यामुळे मी तुमच्या जावेच्या जागी राहिलेली आहे. ती दर वेळी आधी आजार समजावून सांगायची, मग सॉरी म्हणायची. मला वाटायचं, दुखलंय मला आणि ऐकायचं मात्र हिचंच. एक दिवस ती नुसतं एवढंच म्हणाली, "तुझी गोष्ट होती, ती मी सांगायला नको होती." त्या दिवशी माझा राग गेला. आजाराचं महिन्याभराने सांगितलंत तरी चालेल.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. काल गच्चीत कुरडया घालताना आम्ही दोघीच होतो. पाऊसवेडी, तुम्ही लिहिलंत तेवढंच बोलले. ती बराच वेळ सोऱ्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे कळतं मला. पण सोनोग्राफीचं वगैरे यापुढे तुम्हाला सांगणार नाही." मला खूप काही बोलायचं होतं. ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं आणि तिचं पूर्ण होईपर्यंत थांबले.

डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतलीय. शिवणयंत्र परत घेत नाहीत म्हणाले, ते आता विकायला काढणार. रानवाटा, खुणेचं नवऱ्याला सांगितलं, तो तयार आहे. एकच विचारायचंय: चारचौघांत अशी खूण झाली की सुरुवातीला तुम्हाला अपमान वाटायचा का? वाटला तर त्या क्षणी काय करायचात?