फाट्यावरच्या मंगल कार्यालयाला उत्तर-आधुनिक म्हणता येईल का?

वैनगंगाकाठ यांचा प्रश्न

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवते. पदव्युत्तर वर्गाला उत्तर-आधुनिकतावाद शिकवताना दर वर्षी एकाच ठिकाणी गाडी अडते. फ्रेंच विचारवंत ल्योतारने १९७९ मध्ये महाकथनांवरच्या, म्हणजे साऱ्या जगाचा अर्थ एकाच सूत्रात सांगणाऱ्या मोठ्या कथनांवरच्या, अविश्वासाची मांडणी केली, अमेरिकन समीक्षक जेम्सनने १९८४ च्या निबंधात या साऱ्याचा संबंध उत्तरकालीन भांडवलशाहीशी जोडला, इथवर मुले सगळे वहीत उतरवून घेतात. उदाहरण द्यायची वेळ आली की मला त्याच निबंधातल्या, लॉस एंजेलिसच्या बोनाव्हेंचर हॉटेलाविषयी बोलावे लागते, जे त्यांनी पाहिलेले नाही आणि मीही नाही. यंदा एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "मॅडम, आमच्या फाट्यावरचं लॉन यात बसते का?"

ते मंगल कार्यालय मी रोज बसमधून पाहते. रस्त्याकडून पाहिले तर राजवाडा वाटतो: सहा उंच गोल खांब, त्यांवर पाना-फुलांची बोंडे, वर त्रिकोणी शिखर, त्यात दोन हत्ती आणि मध्ये कार्यालयाचे नाव, खाली दोन्ही बाजूंना कारंजी. बस वळणावर आली की बाजूने दिसते ती मात्र टिनाची लांबच लांब शेड, धान साठवायच्या गोदामासारखी. त्या मुलीचा प्रश्न मला वरवरचा वाटला नाही, कारण रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राऊन आणि स्टीव्हन आयझेनॉर या वास्तुविशारदांनी १९७२ मध्ये लास व्हेगासवर जे पुस्तक लिहिले, त्यात नेमक्या अशाच इमारतीला 'सजवलेली शेड' असे नाव दिले आहे. आत साधी पेटी, पुढे खूण सांगणारा दर्शनी भाग. याच्या विरुद्ध टोकाला त्यांनी 'बदक' ठेवले. लाँग आयलंडवर १९३१ मध्ये बदके आणि अंडी विकण्यासाठी बांधलेले, खरोखरच बदकाच्या आकाराचे दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर होते; तिथे इमारत स्वतःच खूण होऊन बसते.

माझी शंका अशी की, उत्तर-आधुनिक वास्तुकलेत जुन्या शैलीचे उद्धरण जाणीवपूर्वक, थोड्या मिश्कीलपणे केलेले असते. वास्तुकलेचे समीक्षक चार्ल्स जेंक्स याला दुहेरी संकेत म्हणतात: सामान्य माणसाला खांब दिसतो आणि जाणकाराला त्या खांबामागची कोटीही कळते. आमच्या फाट्यावर कोटी करायचा कोणाचाही विचार नव्हता. मग हा शब्द इथे लावणे योग्य होईल, की सिद्धांताच्या मापाने आपण आपलीच वस्तू कापतो आहोत?

मिस्त्रीकाम यांचे उत्तर

मॅडम, मी ब्रह्मपुरी भागात घरांचे नकाशे करतो आणि बांधकामावर उभाही राहतो, त्यामुळे त्या खांबांपासून सुरुवात करतो.

पुढच्या वेळी उतरून त्या खांबावर बोटांनी टिचकी मारून पाहा. आवाज पोकळ येईल. आमच्याकडे असा खांब करताना मध्ये लोखंडी पाइप उभा करतात, त्याभोवती बारीक जाळी गुंडाळतात आणि तिच्यावर सिमेंट थापतात. ओले असतानाच लाकडी फर्मा वरून खाली ओढला की उभ्या पन्हाळी उमटतात. मिस्त्रीचा हात एकाच दाबाने खालपर्यंत यावा लागतो, मध्ये थांबला तर तिथे कड उठते आणि ती पुट्टीनेही लपत नाही. वरची फुले साच्यातून तयार काढलेली येतात. छताचे वजन या खांबांवर नसते. ते मागच्या लोखंडी चौकटीवर असते.

आता व्हेंच्युरींनी स्वतः काय केले ते पाहा. ओहायोतल्या ओबर्लिन येथील ॲलन कलासंग्रहालयाचा वाढीव भाग त्यांच्या कार्यालयाने १९७६ मध्ये पूर्ण केला. तिथे एका कोपऱ्यातल्या खांबाला त्यांनी लाकडी फळ्यांचे वेष्टन चढवून एक बुटका, फुगीर आयोनिक (प्राचीन ग्रीक शैलीचा) खांब उभा केला. 'आयोनिक' ऐवजी तो 'आयरॉनिक', म्हणजे उपरोधिक, खांब म्हणूनच ओळखला जातो. रचनेच्या दृष्टीने तो आणि आपल्या फाट्यावरचा खांब सख्खे भाऊ आहेत, कारण दोन्हीकडे वरचे रूप वेगळे आणि भार पेलणारे अंग वेगळे. फरक मनातल्या हेतूचा आहे. त्यांच्या खांबाला परंपरेची थट्टा करायची होती, आमच्या मिस्त्रीला तो खांब देखणा करायचा होता.

माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न 'उत्तर' या उपपदाचा आहे. आपल्या खेड्यात मुळात आधुनिक वास्तुकला आली होती का, की जिच्यानंतरचे काही असावे? मला वाटते, आली होती, आणि ती सरकारी इमारत होऊन आली. जिल्हा परिषदेची शाळा, आरोग्य उपकेंद्र, तलाठी कार्यालय: सपाट स्लॅब, चौकोनी खिडक्या, पिवळा रंग, नक्षी अजिबात नाही. ऑस्ट्रियन वास्तुविशारद ॲडॉल्फ लूस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकरणाला गुन्हा ठरवले. त्यांचे नावही न ऐकता आपल्या अंदाजपत्रकांनी ते अमलात आणले. ग्रामीण घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर मिळते आणि एका रांगेतली दहा घरकुले एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. पण गृहप्रवेशाला दोन वर्षे झाल्यावर त्याच रांगेत जा. एकाने पुढे ओटा काढून त्यावर दोन खांब उभे केलेले असतात, दुसऱ्याने दाराच्या जाळीत मोर बसवलेला असतो, तिसऱ्याने स्लॅबच्या काठावर कमळांची रांग लावलेली असते. माझ्याकडे येणारा माणूस आतल्या खोल्यांविषयी चार वाक्ये बोलतो आणि एलिव्हेशनविषयी, म्हणजे दर्शनी रूपाविषयी, चाळीस.

आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी सेंट लुईस शहरात मेली, असे जेंक्स यांनी लिहिले, कारण त्या दिवशी प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीतल्या इमारती सुरुंग लावून पाडल्या. ही पाडापाड प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या मार्चमध्येच सुरू झाली होती, आणि त्या ३३ इमारतींच्या दुर्दशेला केवळ त्यांचा आकार कारण नव्हता; देखभालीचा पैसा आटला होता आणि वंशभेदाचा हातही होता. आपल्याकडे सरकारी पेटी कोणी पाडली नाही. लोकांनी तिच्या तोंडावर स्वतःचा चेहरा लावला. म्हणून मी तुमच्या विद्यार्थिनीला 'हो, बसते' असेच सांगेन.

निळी पहाट यांचे उत्तर

वरच्या दोन्ही लिखाणांतून मला पुष्कळ शिकायला मिळाले, पण जुन्या रूपाचे उद्धरण म्हणजे थट्टा किंवा हौस, एवढ्यावर ही चर्चा थांबू नये असे मनापासून वाटते. जेम्सन उत्तर-आधुनिक काळातल्या शैली-मिश्रणाला कोरे विडंबन म्हणतात: मुखवटा चढवायचा, पण त्यामागे सांगण्यासारखे काही नाही. हे वर्णन आमच्या गावातल्या बौद्ध विहाराला मी कधीही लावू देणार नाही.

नागपूरची दीक्षाभूमी डोळ्यांसमोर आणा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे आज उभा असलेला स्तूप सांचीच्या स्तूपाचे रूप घेतो. वास्तुविशारद शिवदानमल यांनी आराखडा केलेल्या या स्तूपाचे लोकार्पण डिसेंबर २००१ मध्ये झाले. आता यातला बदल नीट पाहा. सांचीचा स्तूप भरीव आहे. माणूस त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो, आत जात नाही. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे आणि त्याच्या घुमटाखाली हजारो माणसे एकत्र बसू शकतात. आकार दोन हजार वर्षांपूर्वीचा, पण ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी दार आतपर्यंत उघडे केलेले. हे उद्धरण आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द मनापासूनचा आहे.

पुढे हे रूप खेड्यापाड्यांत पोहोचले. आमच्या गावच्या विहाराला सिमेंटचा छोटा घुमट आहे आणि वस्तीच्या तोंडाशी सांचीच्या तोरणासारखी तीन आडव्या पट्ट्यांची कमान आहे. वर्गणी जमली तशी ती उभी राहिली. पहिल्या वर्षी खांब, मग पट्ट्या, मग धम्मचक्र. माझ्या आजीला सांची नकाशात कुठे आहे ते माहीत नव्हते, पण त्या कमानीखालून जाताना ती डोक्यावरचा पदर सारखा करायची. ल्योतार म्हणतात त्याप्रमाणे महाकथनांवरचा विश्वास उडाला असेल तर तो ज्यांच्या बाजूने ती कथने सांगितली गेली त्यांचा उडाला असेल. आम्हाला आमचे कथन मिळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. वर्गात हा सिद्धांत शिकवताना त्याच्या या मर्यादेवरही एक तास द्यावा, अशी विनंती आहे.

कवेलू यांचे उत्तर

मी यवतमाळकडचा शेतकरी आहे. कला-इतिहास आवडीने वाचतो. मला या चर्चेतून एक गोष्ट सुटलेली दिसते, ती म्हणजे ऊन.

माझ्या वडिलांच्या घराला मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती होत्या आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौले. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जायचा तेव्हाही दुपारी ओसरीत झोप लागायची. पण दर वर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागत, वानरांची टोळी छपरावरून गेली की पुन्हा चार-दोनशे फुटत, आणि ते फेरणारी माणसे हळूहळू मिळेनाशी झाली. आम्ही २०१४ मध्ये घर पाडून स्लॅब टाकला. उतरवलेले कवेलू अंगणात रचून ठेवले होते. पुढच्या उन्हाळ्यात महामार्गावरच्या एका ढाब्याचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि सगळे घेऊन गेला. त्या ढाब्याचे छत सिमेंटचेच आहे. आमचे कवेलू त्याने समोरच्या बाजूला तीन ओळींत उतरते बसवले, भिंतीला शेणाच्या रंगाचा पेंट दिला, दारात बैलगाडीचे चाक आणि उखळ ठेवले. आता शहरातली माणसे तिथे गावरान जेवण जेवायला येतात आणि मी स्लॅबच्या खोलीत कूलर लावून बसतो.

फ्रेंच विचारवंत बोद्रियार ज्याला मूळ नसलेली प्रतिमा म्हणतात, ती मला तिथे दिसली. तो ढाबा कोणत्याही एका गावाची नक्कल नाही. असे गाव कधी नव्हतेच, जिथे उखळ दारात असते आणि गोठ्याचा वास नसतो. मिस्त्रीकाम सरांच्या म्हणण्याप्रमाणे गावाने सरकारी पेटीला चेहरा लावला हे मान्य, पण त्याच काळात गावाचा जुना चेहरा काढून दुसऱ्याने आपल्या पेटीला लावला, आणि नफा त्या दुसऱ्या बाजूला झाला. सेवाग्रामला बापूंची कुटी पाहून या: माती, बांबू, कवेलू. तिथे दर्शनी भाग आणि घर वेगळे काढता येत नाहीत. सजवलेल्या शेडीचे कौतुक करताना त्या शेडीत मे महिन्यात पंगतीला बसलेल्या माणसाला टिनाखाली काय होते, हेही सिद्धांताने विचारात घेतले पाहिजे.

मंडईची रात्र यांचे उत्तर

थोडक्यात लिहितो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे रंगवलेले पडदे हे उत्तर-आधुनिकतेचे उदाहरण म्हणून अलीकडे कुठे कुठे सांगितले जाते. ते मला चुकीचे वाटते. राजवाडा, जंगल, रस्ता, दिवाणखाना असे पडदे एकामागून एक सोडण्याची पद्धत संगीत नाटकाच्या काळापासूनची आहे. ती आमच्याकडे खंडित झाली नाही, एवढेच. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, गावांतून आजही रात्रभर खेळ करतात, ऑर्गनच्या शेजारी ऑक्टोपॅड हे विजेवरचे तालवाद्य असते, आणि दिवाणखान्याच्या पडद्यासमोर नट मोबाइलवर बोलतो तेव्हा प्रेक्षकांपैकी कोणालाही ते खटकत नाही. आधीचे आणि नंतरचे एकाच मांडवात नांदत असेल, तर त्याला नंतरचे म्हणणे कालक्रमाची चूक ठरेल. मंगल कार्यालयाकडे पाहताना मला व्हेगास आठवत नाही, हा पडदा आठवतो.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. निळी पहाट यांनी सांगितलेला तास मी घेतला, आणि माझ्या टिपणात 'उद्धरण म्हणजे उपरोध' असे जे सरसकट वाक्य होते ते काढून टाकले. या संदर्भात मला डेनिस स्कॉट ब्राऊन यांची एक गोष्ट आठवली: त्या दक्षिण आफ्रिकेत वाढल्या, आणि लास व्हेगासकडे पाहणारी आपली नजर आफ्रिकेत घडली असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. बाहेरून आलेले प्रमाण आणि भोवतालचे प्रत्यक्ष जग यांतली ओढाताण त्यांनी लहानपणीच अनुभवली होती. म्हणजे या सिद्धांताच्या मुळाशीही एका आडबाजूच्या ठिकाणाहून पाहणारा डोळा आहे, आणि आमच्या वर्गाला तो परका वाटायचे कारण नाही.

गेल्या शनिवारी अकरा विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या फाट्यावर उतरले. खांब पोकळ वाजला. मालकांनी चहा दिला आणि खांब कशासाठी, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर दिले: "मॅडम, पोरीच्या बापाचं घर दोन खोल्यांचं रायते, पण फोटो तर जन्मभराचा असते." लग्नाच्या दिवशी दोन्ही घरची माणसे त्या सहा खांबांपुढे ओळीने उभी राहतात. त्यासाठी पायऱ्या मुद्दाम रुंद ठेवल्या आहेत, मागच्या ओळीतल्या आजी-आजोबांचे चेहरे दिसावेत म्हणून. हे ऐकल्यावर मंडईची रात्र यांचा पडदा माझ्यापेक्षा आधी विद्यार्थ्यांच्या लक्षात आला. टिनाखालच्या उकाड्याविषयीही विचारले. शेडीत आता उंचावर मोठे पंखे बसवले आहेत आणि दुपारच्या पंगती बाजूच्या आमराईत हलवल्या आहेत, कवेलू यांना हे कळवते.

निघताना मालकांनी वर पाहून सांगितले की त्यांना आता वेगळीच चिंता आहे. व्हेंच्युरींच्या शेडीची खूण मोटारीतून जाणाऱ्यासाठी होती, रस्त्याकडे तोंड करून उभी. आता प्रत्येक लग्नात ड्रोन उडतो, आणि चित्रीकरणात सगळ्यात आधी गंजलेले टिन दिसते. म्हणून पुढच्या हंगामाआधी ते शेडीचे छप्पर पांढरे रंगवून त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून घेणार आहेत, आणि नावाच्या दोन्ही बाजूंना ते हत्ती.