फॉर्म आपणच भरून टाकावा का?
‘मित्राला प्रश्नच नीट कळत नाहीत, मग मीच सगळं भरून टाकू का?’ असं एकाने यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, फॉर्मबद्दल विचारलंय. माझा अनुभव सांगतो. माझ्या शाळेतल्या मित्राला स्किझोफ्रेनिया आहे. बोलणं समजायला वेळ लागतो, आठवण राहत नाही. त्याचं यूडीआयडी कार्ड काढताना मी पहिल्या दिवशी तासाभरात उरकायला बसलो. तो नुसता ‘हो, हो’ म्हणत राहिला. दुसऱ्यांदा एका बैठकीत दोनच गोष्टी घेतल्या, मध्ये चहा. मग गाडी पुढे सरकली.

खरी अडचण पोर्टलवर फॉर्म भरताना नाही, डॉक्टरांच्या तपासणीच्या दिवशी येते. मानसिक आजारात डॉक्टर स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबी बघतात. आमचे मित्रसाहेब तिथे ऐटीत म्हणाले, ‘मी सगळं माझं माझं करतो!’ अंघोळीला आई तीनदा सांगते, हे कोण सांगणार? म्हणून डॉक्टरांना दाखवायला पंधरा दिवस साध्या वहीत लिहा: गोळी कोणी दिली, गॅस चालू राहिला का, पैसे मोजता आले का. वही त्याला वाचून दाखवा, त्याच्या पाठीमागे नको. माझ्याकडून ही चूक झाली, आठवडाभर अबोला होता.

चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की संजय गांधी निराधार योजनेचा (दरमहा सरकारी मदतीचा) अर्ज तहसीलमध्ये करता येतो, पण उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आणि ओटीपीसाठी घरातल्या माणसाचा नंबर द्या. मित्राचा फोन तेव्हा नेमका बंद होता!