शाळेसाठी लेझीम कुठनं घ्यायच्या? २४ नग, बजेट ८ हजार, खानापूर भाग

रानवाटेची_बाई
नमस्कार सगळ्यांना. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची छोटी मराठी शाळा आहे, पहिली ते सातवी मिळून ६१ मुलं, विनाअनुदानित, गावच्या लोकांनीच चालवलेली. पीटीचे वेगळे सर नाहीत, त्यामुळं पीटी पण माझ्याकडंच. जानेवारीत गॅदरिंग आहे आणि २६ जानेवारीला गावातनं प्रभातफेरी निघते, त्यात यंदा चौथी ते सातवीच्या २४ मुलामुलींचं लेझीम बसवायचंय. पालकांनी मिळून ८ हजार जमवलेत. कुणी भात विकून दिलेत, त्यामुळं यात एक रुपया वाढवून मागायचा नाही हे मी ठरवलंय. बेळगावात चांगल्या मिळतात का कोल्हापूरला जावं लागेल? वजन किती घ्यावं? आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा पाहिजेत. ज्यांनी घेतल्यात त्यांनी सांगा.

काकतीवेस_अण्णा
सरळ कोल्हापूरला जा बाई, दुसरा विचार करू नका. आमच्या मंडळानं ६० घेतल्या, ४५० ला एक पडली. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तुम्हाला माहीतच आहे, रात्र जाते तिच्यात, आमच्या पोरांनी पहाटेपर्यंत वाजवल्या आणि एक कडी निसटली नाही. वस्तू चांगली पाहिजे तर पैसे मोजायची तयारी ठेवा.

शहापूरची_वहिनी
अण्णा, ४५० नं २४ म्हणजे १०,८०० होतात, बाईंनी ८ हजार लिहिलंय.
माझा अनुभव सांगते. मुलाच्या शाळेनं दोन वर्षांमागं ऑनलाइन मागवल्या होत्या, फोटोत एकदम मस्त. हातात आल्यावर चकत्या पातळ पत्र्याच्या निघाल्या, कडा घासलेल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाचं बोट कापलं आणि आणखी दोघींच्या हाताला पट्ट्या. मी शाळेत जाऊन चांगलं बोलून आले. घेताना प्रत्येक चकतीच्या कडेवरनं बोट फिरवून बघा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. आणि मुलींना त्या दिवशी काचेच्या बांगड्या घालू देऊ नका.

अनगोळकर_९१
मी म्हणतो लेझीम कशाला? या पैशात थोडी भर घालून ट्रॉलीवाला स्पीकर घ्या, दोन कॉर्डलेस माइक येतात, गॅदरिंग, प्रार्थना, १५ ऑगस्ट, सगळ्याला वर्षभर उपयोग. आमच्या गल्लीत १२ हजाराचा घेतलाय, लाइट गेली तरी तीन तास चालतो. लेझीम काय एक दिवस वाजवणार आणि मग पोत्यात.

निपाणीचे_पीटी_सर
अनगोळकर, लेझीम म्हणजे नुसता वर्षातला एक कार्यक्रम नव्हे, तो व्यायाम आहे. १९८२ साली दिल्लीला आशियाई स्पर्धा झाल्या, त्याच्या उद्घाटनात लेझीम झालं होतं. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. पावसाळा सोडून आठवड्यातनं दोन दिवस मुलं लेझीम करायची, आणि वर्गात पाठ वाकवून बसणारं पोर दोन महिन्यांत ताठ बसायला लागायचं.
बाई, आता तुमच्या कामाचं. मंडळवाल्यांची लेझीम मोठ्या माणसाच्या मनगटाची असते, ती चौथीच्या मुलाला देऊ नका. दांडी साधारण १५ इंच पुरते. दुकानात मुलाला सोबत घेऊन जा, हात खांद्याइतका वर धरून साठ अंक मोजायला लावा, हात खाली यायला लागला की ती लेझीम जड आहे. दुसरं, पहिले आठ दिवस लेझीम हातात देऊच नका. नुसत्या टाळ्यांवर आणि पायांवर चार आवाज, पवित्रा, आगे फलांग हे लेझमीचे प्रकार पक्के करून घ्या. पाय बसले की हात आपोआप बसतो. उलटं केलं तर नुसता गोंगाट होतो.

हलशी_रोड
एक सांगतो, गावात बनवून घ्यायच्या भानगडीत पडू नका. आम्ही पडलो होतो. वेल्डिंगवाल्याला दिल्या, त्यानं कड्या नुसत्या वाकवून अडकवल्या, टाका मारलाच नाही. १५ ऑगस्टला ऐन चौकात चौघांच्या साखळ्या सुटल्या, चकत्या रस्ताभर आणि पोरं फेरी सोडून त्या गोळा करत बसली. हेडमास्तरांचं तोंड बघवत नव्हतं. तयारच घ्या, पण कडी टाका मारून बंद केलीय का ते बघून.

घटप्रभाकाठ
कोल्हापूरला जावा, तिथं व्हरायटी मिळते.
आणि बाई, प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या कलास्पर्धेत पण घाला की मुलांना, समूह लोकनृत्य असतंय. आमच्या गावच्या शाळेनं लेझीम नेलं होतं, क्लस्टरला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात पहिला नंबर, तालुक्याला पण गेले. कन्नड शाळांचे सर लोक येऊन शिकवा म्हणून मागं लागले होते. तुमच्या सीआरपींना, म्हणजे क्लस्टर बघणाऱ्या शिक्षण खात्याच्या माणसाला विचारून ठेवा.

काकतीवेस_अण्णा
वहिनी, हिशोब मला पण येतो. स्वस्त घेऊन दरवर्षी दुरुस्त करण्यापेक्षा एकदा चांगली घ्यावी असं माझं म्हणणं. २४ ऐवजी १७ घ्या.

रानवाटेची_बाई
अण्णा, १७ घेतल्या तर सात जणांना काय सांगू? वर्गात मुलंच मोजकी आहेत, एकालाही बाजूला बसवायचं नाही म्हणूनच २४ म्हटलंय. स्पीकरचं पुढच्या वर्षी बघू. सर, टाळ्यांचं उद्यापासनं चालू करते, खूप आभार. गावच्या तालमीत जुन्या लेझीम आहेत, मागितल्या तर देतील. त्या घ्याव्यात का?

निपाणीचे_पीटी_सर
नको. तालमीच्या भरदार असतात, मुलांची मनगटं दुखावतील. बघायला एक आणा, साखळी कशी बांधलीय ते कळेल.

अनगोळकर_९१
मग लेझीम वाजणार कशावर? स्पीकर नाही तर गाणं कुठलं लावणार?

काकतीवेस_अण्णा
ढोल-ताशा.

निपाणीचे_पीटी_सर
ढोल-ताशात लहान मुलांच्या लेझमीचा आवाज बुडून जातो. हलगी आणि तिच्या साथीचं घुमकं वाद्य पाहिजे. रेकॉर्डवर तर बसवूच नका, रेकॉर्ड मुलांसाठी थांबत नाही. हलगीवाला मुलांचे पाय बघून लय सोडतो, धरतो.

घटप्रभाकाठ
सरांचं खरं. पण थंडीत सकाळी दवानं हलगीचं कातडं ढिलं पडतंय, आवाज बसतोय. फेरीच्या आधी जरा शेकोटीला धरायला सांगा, फार जवळ नको.

काकतीवेस_अण्णा
आमच्या ताशाला असलं काही करा लागत नाही.

खडेबाजार_दादा
वरचं सगळं वाचलं नाही पण माझा सल्ला, कोल्हापूर. आणि पाइपाची घ्या, लाकडी फुटते.

शहापूरची_वहिनी
पाइपाची जानेवारीत सकाळी सहाला हातात धरून बघा दादा, बर्फासारखी लागते. शिवाय घामानं निसटते. लाकडीच घ्या बाई.

रानवाटेची_बाई
सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून काय ठरलं ते सांगते. रविवारी बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजार फिरले, सहावीतल्या एका मुलाला सोबत नेलं होतं. तयार लेझीम ३८० च्या खाली चांगली मिळाली नाही, आणि जी स्वस्त होती तिच्या कडा वहिनींनी सांगितलं तशाच.
त्यामुळं तुम्ही सगळे नको म्हणत होता तेच करतेय, गावातच बनवून घेतेय. चौथीतल्या एका मुलीचे वडील सुतार आहेत. जुन्या घराच्या मोडीतला सागवान त्यांच्याकडं पडून होता, त्याच्या १५ इंची दांड्या करून देतायत, मजुरी ६० रुपये. साखळी आणि चकत्या बेळगावातनं सुट्ट्या, जाड बघून घेतल्या, खानापुरात प्रत्येक कडीला टाका मारून घ्यायचा धरून १७० पडतात. म्हणजे २३० ला एक, २४ चे ५,५२०. उरलेल्यातनं १,८०० ची हलगी. वाजवायला तालमीतले एक आजोबा तयार झालेत, पैसे नको म्हणाले. बाकी ६८० गाडीभाड्याला आणि दुरुस्तीला.
हलशी रोडवाल्या दादांचं वाचून मला भीती होतीच. म्हणून आधी एकच नमुना करून घेतला आणि दोन दिवस मधल्या सुट्टीत मुलांच्या हातात दिला, मुद्दाम जोरात वाजवायला सांगितलं. कडी सुटली नाही, पण दांडीच्या टोकाला बारीक चीर गेली. सुतारकाकांनी बघितलं आणि आता दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या बसवतायत. कोल्हापूरची दांडी चिरली असती तर मी कुठं नेली असती? शाळा सुटल्यावर मुलं त्यांच्या पडवीत जाऊन बसतात, पॉलिश पेपर मारायला मागतात. ती मुलगी वर्गात फार कमी बोलते, आता सगळ्यांना दांडी कशी तासतात ते समजावून सांगते.

निपाणीचे_पीटी_सर
टोप्या बसवताय हे बरं केलं. दांडीला पॉलिश मात्र मारू नका, हात निसटतो. खोबरेल तेलाचा हात द्या आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या. काम झालं की खुंटीला टांगून ठेवा, पोत्यात भरलं की साखळ्या अडकतात आणि गंजतात.

काकतीवेस_अण्णा
मी अजून कोल्हापूरच म्हणेन. पण मुलांना शुभेच्छा, फेरीचा व्हिडिओ टाका.

हलशी_रोड
बाई, पुढच्या २३ करायच्या आधी नमुन्याच्या कडीचा जवळनं फोटो टाका. टाका आतल्या बाजूनं मारलाय का बाहेरनं ते बघून सांगतो.