वसंत येतोय हे सगळ्यात आधी कशावरून कळतं?

पायवाट_प्रेमी:
रोज सकाळी टेकडीवर चालायला जाते. पळस फुलला की वसंत आला हे कुणालाही कळतं, पण मला त्याच्याही आधीच्या खुणा पाहायच्यात, अगदी सुरुवात. सध्या नुसती पानगळ चाललीय, झाडं खराट्यासारखी दिसतात. कुठे बघू, काय ऐकू?

तांबट:
आधी कान लावा. थंडीत कोकीळ जवळजवळ गप्प असतो, मग एके पहाटे अडखळत एखादी कुहू येते, पूर्ण तान नाही, आणि दिवसभर परत काही नाही. तीच खूण. तांबट पक्ष्याची टुक टुक टुक पण वाढते, तो चोच मिटून गळा फुगवून ओरडतो आणि मधेच मान फिरवतो त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच कळत नाही, शेंड्यावरची वाळकी फांदी बघा, बहुतेक तिथेच सापडेल. डिसेंबर अखेरपासून दिवस मोठा होत जातो, त्यावर पक्ष्यांचं विणीचं चक्र सुरू होतं. जांभळ्या शिंजीराचा नर थंडीत मळकट पिवळा, गळ्यावर फक्त एक काळी रेघ. त्याच्या अंगावर निळेकाळे चट्टे दिसायला लागले की समजा विणीसाठी रंग बदलतोय. हे अर्धवट रंगाचे नर मला पूर्ण चमकणाऱ्यापेक्षा जास्त आवडतात!!

पानझडी:
झाडांचं सांगतो. पान गळलं की तिथे वण राहतो ना, त्याच्या लगेच वर बारीक डोळा, म्हणजे मिटलेला कोंब असतो, तो आधीपासूनच तयार असतो, आता फुगायला लागतो. म्हणजे तुम्हाला जी नुसती पानगळ दिसतेय त्यातच सुरुवात आहे. पळसाच्या कळ्या फुलायच्या कितीतरी आधी काळपट मखमली घोसात लागतात, लांबून लक्षात येत नाहीत. सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर गोल कळ्या शोधा. आणि कुसुंब असेल तर चुकवू नका, त्याची कोवळी पालवी इतकी लालभडक की लोक फुलं समजतात, हरितद्रव्य नंतर भरतं तोवर लाल रंगद्रव्य कोवळ्या पानाला उन्हापासून वाचवतं. पाऊस अजून कित्येक महिने लांब आणि झाड पालवतंय, मला दरवर्षी याचं नवल वाटतं. जुनी पानं टाकून पाणी वाचवलेलं असतं आणि मुळं खोलवर गेलेली, त्यावर हे चालतं.

पायवाट_प्रेमी:
वणाच्या वरचा डोळा, हे कधी बघितलंच नव्हतं! पण एकाच जातीची दोन झाडं शेजारी असून एक कळ्यांनी भरलंय आणि दुसरं कोरडं, असं का?

पानझडी:
होतं असं, सावरीत तर हमखास. खालची माती, ओल, झाडाचं वय, शिवाय प्रत्येक झाडाची स्वतःची वेळ. म्हणून दोन्ही झाडं धरा आणि दर आठवड्याला त्याच फांदीचा फोटो काढा, तारखेसकट.