मिनीव्हॅनचा रिकॉल, रखडलेली दुरुस्ती आणि नागपुरातली सात आसनी गाडी

प्रेषक: एक सभासद (न्यू जर्सी, सध्या मुक्काम धंतोली, नागपूर)
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आई-बाबांकडे आले असल्यामुळे हे पत्र नागपुरातून लिहीत आहे, परंतु प्रश्न दोन्ही घरांचा आहे. न्यू जर्सीत आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी मिनीव्हॅन आहे. चालता चालता तिचा डॅशबोर्ड क्षणभर अंधारतो, काटे शून्यावर येतात आणि मग सारे पूर्ववत होते. गेल्या हिवाळ्यात कंपनीचे पत्र आले की, या गाड्यांच्या वायरिंगमध्ये सुरक्षेशी संबंधित दोष आढळला आहे, दुरुस्ती विनामूल्य करून दिली जाईल, मात्र त्यासाठी लागणारा भाग अद्याप तयार नाही. तो तयार होताच दुसरे पत्र पाठवू. ते दुसरे पत्र आजतागायत आलेले नाही. शोरूममध्ये फोन केला की, भाग आला की कळवू, एवढेच सांगतात. माझे पती त्याच गाडीतून मुलांना शाळेत सोडतात आणि इथे बसून माझा जीव टांगणीला लागतो.

इकडे बाबांच्या सात आसनी गाडीत, भर उन्हात एसी सुरू करून थोडे अंतर गेले की, डॅशबोर्डच्या मागून प्लॅस्टिक तापल्याचा वास येतो आणि पंखा मध्येच बंद पडतो. वर्कशॉपने फ्यूज तपासला, "नागपूरच्या उन्हात असं होतंच, काकाजी," असे सांगितले आणि गाडी परत दिली. बाबांचा त्यावर विश्वास बसला आहे, माझा नाही.

कायद्याने आपल्या हाती काही आहे का, आणि दुरुस्ती होईपर्यंत कोणती काळजी घ्यावी? विशेषतः रामदासपेठेतले काका, ज्यांनी डेट्रॉइट परिसरात अनेक वर्षे वायरिंग हार्नेसचे, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्यांचे, काम केले, त्यांनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

प्रेषक: रामदासपेठ, नागपूर
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

ताई, नमस्कार.

आधी बाबांच्या गाडीबद्दल लिहितो, कारण तिथे थांबायला वेळ नाही. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका बसेल इतका तापतो हे खरे. पण वास एसी सुरू केल्यावरच येत असेल आणि पंखाही थांबत असेल, तर त्याला ऊन जबाबदार नाही. पंख्याच्या मोटारीकडे जाणाऱ्या तारांचा एखादा कनेक्टर सैल झाला आहे किंवा आतून गंजला आहे, असा माझा तर्क आहे. सैल जोडाचा रोध वाढतो आणि त्यातून मोठा प्रवाह गेला की सगळी उष्णता त्याच ठिकाणी साठते. फ्यूज मात्र शाबूत राहतो, कारण प्रवाह त्याच्या मर्यादेतच असतो आणि दूरवरचा जोड तापतो आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून फ्यूज चांगला आहे हे वर्कशॉपचे म्हणणे खरे असले, तरी त्यातून गाडी निर्धोक असल्याचे सिद्ध होत नाही.

त्यांना असे सांगावे की, पंखा पूर्ण वेगात चालू ठेवून त्या कनेक्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकांमधील व्होल्टेजची घट मल्टिमीटरने मोजा. चांगल्या जोडावर ती नगण्य असते. अर्धा व्होल्ट घट दिसली, तर २० अँपिअर प्रवाहाला तिथे १० वॉट उष्णता निर्माण होत आहे असा हिशेब निघतो, आणि बोटाच्या पेराएवढ्या बंदिस्त प्लॅस्टिकला ती फार झाली. असा कनेक्टर टेप गुंडाळून चालवायचा नसतो, तो टर्मिनलांसकट बदलायचा असतो. हे होईपर्यंत पंखा कमी वेगावर ठेवावा. दुसरे असे की, धंतोलीतल्या बऱ्याच अपार्टमेंटमध्ये खालच्या पार्किंगला लागूनच जिन्याजवळ विजेच्या मीटरांचा बोर्ड असतो. बाबांची गाडी तशा जागी उभी राहत असेल, तर ती आजच बाहेर मोकळ्यावर लावावी, मग उन्हात तापली तरी चालेल.

आता मिनीव्हॅन. या प्रकारच्या गाडीत विजेचे दोष अधिक का आढळतात, हे तिच्या रचनेतच आहे. सरकते दार मोटारीवर चालते आणि त्याच्या तारा दाराबरोबर प्रत्येक वेळी वाकतात व सरळ होतात. काही वर्षांत आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात आणि बाहेरून आवरण मात्र धड दिसते. मागच्या रांगेसाठी वेगळा एसी, चार्जिंगचे सॉकेट आणि काचांच्या मोटारी असल्यामुळे हार्नेस लांब होतो आणि जोड वाढतात. त्यात न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ बुटांना लागून गालिच्याखाली उतरते, आणि तिथून गेलेल्या तारांवर हिरवा गंज चढतो.

रिकॉलच्या, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या, नोंदींमध्ये याची उदाहरणे आहेत. टोयोटाने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये २०११ ते २०१६ या मॉडेल वर्षांच्या सिएन्ना मिनीव्हॅन परत बोलावल्या. अमेरिकेत त्या ७ लाखांहून अधिक होत्या. दार अडकले की मोटारीच्या सर्किटमध्ये प्रवाह वाढून फ्यूज उडू शकत होता, आणि त्या क्षणी कडी सुटलेल्या स्थितीत असेल तर धावत्या गाडीचे दार उघडण्याचा धोका होता. क्रायस्लरच्या २०१७ आणि २०१८ च्या पॅसिफिका हायब्रिडचे प्रकरण याहून गंभीर. त्यातील १२ गाड्यांना आग लागल्याचे आढळल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये रिकॉल जाहीर झाला, त्या सर्व गाड्या बंद करून उभ्या असताना पेटल्या होत्या, आणि मालकांना गाडी घरापासून दूर मोकळ्यावर लावा व चार्जिंग करू नका असे सांगण्यात आले. दुरुस्ती तयार नसताना कंपनी मालकाला काय सांगू शकते, याचा हा नमुना आहे. आपल्याला आलेल्या पत्रातही असा काही तात्पुरता इशारा असेल. ते पत्र पुन्हा काळजीपूर्वक वाचावे आणि त्यातील प्रत्येक सूचना पाळावी.

अमेरिकेच्या कायद्यात सुरक्षा रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य असते आणि हा हक्क गाडीच्या पहिल्या विक्रीपासून १५ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत १० वर्षांची होती, २०१५ च्या कायद्याने ती वाढली. दोषाची माहिती सरकारच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेला (एनएचटीएसए) दिल्यापासून ६० दिवसांत मालकाला पत्र जायला हवे. भाग तयार नसेल तर अंतरिम पत्र आणि नंतर दुसरे पत्र, ही आपल्याबाबत घडलेली पद्धत नियमानुसारच आहे, आणि भाग अमुक तारखेपर्यंत तयार झालाच पाहिजे अशी सर्वसाधारण मुदत कायद्यात नाही. परंतु उपाय उपलब्ध झाल्यावर आपण गाडी दाखवली आणि ६० दिवसांत समाधानकारक दुरुस्ती झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही असे सकृद्दर्शनी मानले जाते, आणि कंपनीवर गाडी बदलून देण्याची किंवा घसारा वजा करून किंमत परत करण्याची जबाबदारी येते. शोरूमचा माणूस हे आपणहून सांगणार नाही. रिकॉलच्या आधी याच दोषासाठी आपण खर्च केला असेल, तर त्याची पावती जपून ठेवावी. ती भरपाई मागता येते. वाट पाहण्याच्या काळात दुसरी गाडी देण्याचे बंधन केंद्रीय कायद्यात नाही, पण ती लेखी मागावी, कारण लेखी मागणीला पुष्कळदा होकार मिळतो आणि तोंडी मागणी फोन ठेवताच संपते.

दिरंगाई सिद्ध झाली की तिकडची यंत्रणा गप्प बसत नाही. फियाट क्रायस्लरच्या २३ रिकॉलमधील दुरुस्त्या रखडल्या आणि मालकांना वेळेवर कळवले गेले नाही, म्हणून जुलै २०१५ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि त्याच महिन्यात १० कोटी ५० लाख डॉलरच्या दंडावर समझोता झाला. असे खटले मालकांनी नोंदवलेल्या तक्रारींवर उभे राहतात. आपल्या पतींनी १७ अक्षरांचा वाहन क्रमांक रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल प्रलंबित असल्याची नोंद जतन करावी आणि डॅशबोर्ड अंधारण्याची तक्रारही तिथेच करावी. गाडीचा वेग किती होता, पाऊस होता का, दिवे लावलेले होते का, हे सारे त्यात यावे.

बाबांच्या गाडीसाठी भारतीय कायदा पाहावा लागेल. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. तोवर आपल्याकडे २०१२ पासून केवळ उत्पादकांची ऐच्छिक आचारसंहिता होती. आता गाडी सात वर्षांच्या आतली असेल, तर सुरक्षेला बाधक दोषाची तक्रार परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर करता येते. एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी सुरू होते, सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते आणि कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यातली अडचण अशी की, आपले लोक वर्कशॉपच्या काउंटरवर भांडतात, समाधान न झाल्यास सीताबर्डीच्या एखाद्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतात, आणि ती तक्रार मोजणीत कधी येतच नाही. मला याचे मनापासून दुःख होते, कारण त्याच दोषाची गाडी चंद्रपूरला किंवा अकोल्याला आणखी कोणी चालवत असतो.

ऐच्छिक रिकॉलमध्येही प्रतीक्षा असते. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या पेट्रोल गाड्यांपैकी १,८१,७५४ गाड्यांचे मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी रिकॉल जाहीर केला, पण भाग बदलण्याचे काम नोव्हेंबरपासून सुरू होणार होते. मधल्या काळात पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असे मालकांना कळवले गेले. म्हणून बाबांच्या गाडीचा चेसिस क्रमांकही आरसीवरून पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा तपासावा.

आणि जॉब कार्डाकडे फार लक्ष द्यावे. सर्व्हिस ॲडव्हायझर सवयीने 'एसी तपासणे' एवढेच लिहितो. तिथे 'एसी सुरू असताना डॅशबोर्डमागून जळका वास येतो, पंखा चालता चालता बंद पडतो' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय बाबांनी सही करू नये. दोष सापडला नाही असे त्यांचे म्हणणे असेल, तर तेही बिलावर लिहून मागावे. उद्या नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगासमोर जायची वेळ आली, तर दोन वर्षांच्या मुदतीत जाता येते, वकील असलाच पाहिजे असे नाही, पण कागद मात्र असलेच पाहिजेत.

प्रेषक: एक सभासद (टोरांटो)
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

काका, आपले पत्र वाचून माझ्याही मनातला प्रश्न विचारतो. माझा धाकटा भाऊ नागपुरात जुनी सात आसनी गाडी घेत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी परिसरात जे पाणी भरले, त्यात बुडालेली गाडी नकळत पदरी पडू नये म्हणून काय पाहावे?

प्रेषक: धंतोली, नागपूर
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

काका, आपले मनःपूर्वक आभार. आज बाबांना घेऊन वर्कशॉपमध्ये गेले आणि आपण सांगितलेली वाक्ये जॉब कार्डावर जशीच्या तशी लिहून घेतली. मल्टिमीटरने मोजणी करा म्हटल्यावर त्यांनी वरिष्ठ मिस्त्रींना बोलावले आणि ग्लोव्ह बॉक्स उतरवला. पंख्याच्या कनेक्टरचे एक टोक तपकिरी पडून वितळू लागले होते. त्याचा फोटो मी घेतला आहे. गाडी तिथेच ठेवली आहे, परंतु हार्नेसचा तो तुकडा मागवावा लागेल आणि किती दिवस लागतील हे सांगता येत नाही, असे ते म्हणतात. बाबांनी वर्षभरापूर्वी बाजारातून जादा दिवे बसवून घेतले होते. त्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही, असेही त्यांनी सुचवले आहे. यावर काय उत्तर द्यावे?

प्रेषक: रामदासपेठ, नागपूर
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

ताई, वेळेवर गेलात हे फार चांगले झाले. जादा दिव्यांची तार पंख्याच्या सर्किटला जोडलेली आहे का, हा एकच प्रश्न त्यांना लेखी विचारावा. ती हेडलॅम्पच्या बाजूने किंवा थेट बॅटरीवरून घेतली असेल, तर वितळलेल्या कनेक्टरशी तिचा संबंध नाही आणि तसा संबंध असल्याचे त्यांनी दाखवून द्यायला हवे. ती खरोखरच त्या सर्किटमध्ये टोचलेली असेल, तर त्यांची बाजू बळकट आहे हेही मी स्पष्ट सांगतो. भाग येईपर्यंत गाडी घरी आणू नये. वितळलेला कनेक्टर बदलल्यावर जुना तुकडा परत मागून घ्यावा. तो पुरावा आहे. पोर्टलवरील तक्रारीला फोटो व जॉब कार्डाची प्रत जोडावी. बाबांना मसुदा लिहायला मदत हवी असेल, तर मी शनिवारी संध्याकाळी धंतोलीला येऊ शकतो.

टोरांटोच्या बंधूंसाठी: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाशी चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, स्टेपनीच्या खळग्यात गाळ शोधावा आणि समोरच्या सीटखालचा एखादा कनेक्टर उघडून आतल्या पिना पाहाव्यात. इंजिन धुऊन चकचकीत करता येते, पण तिथवर सहसा कोणी पोचत नाही. सप्टेंबर २०२३ च्या सुमारास विम्याचा दावा झाला होता का, हे विमा कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय भावाने इसार देऊ नये. आणि कोणीही आपल्या गाडीचा पूर्ण चेसिस क्रमांक या यादीवर टाकू नये. तो मला स्वतंत्र पत्राने पाठवावा.