सुनेच्या मॉर्मन पूर्वजांची वंशावळ कशी शोधावी?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
माझ्या सुनेचे माहेर अमेरिकेतील युटा राज्यात असून, तिचे पूर्वज डेन्मार्कहून येऊन मॉर्मन (अमेरिकेतील एक ख्रिस्ती पंथ) स्थलांतरितांच्या तांड्याबरोबर सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचले, असे तिच्या घरी सांगतात. नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ लिहून ठेवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. ठाण्यात बसून कोणत्या नोंदी पाहता येतील?

उत्तर (नेरूळ)
फॅमिलीसर्च हे मॉर्मन चर्चचेच विनामूल्य संकेतस्थळ आहे. मात्र तेथे लोकांनी स्वतः भरलेल्या वंशावळींना पुरावा मानू नये, मूळ कागदाची प्रतिमाच उघडावी. १८४७ ते १८६८ या काळातील तांड्यांच्या प्रवाशांची सूचीही चर्चने खुली ठेवली आहे. जनगणनांपैकी १८८० ची आधी पाहावी, कारण तीत कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान लिहिलेले असते. १८५० ते १८७० च्या जनगणनांत नात्याचा रकानाच नाही, त्यामुळे त्या काळच्या बहुपत्नीक मॉर्मन घरात कोणते मूल कोणत्या पत्नीचे, हे केवळ त्यांवरून ठरवू नये.

उत्तर (ऐरोली)
डेन्मार्कमध्ये आडनावावर विसंबू नका. तेथे खेड्यापाड्यांत हान्सचा मुलगा येन्स हान्सन, तर त्याचा मुलगा पेटर येन्सन होई. जन्मगाव कळले, की तेथील चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. जन्मतारीख आणि वडिलांचे नाव ताडून पाहावे.

प्रश्नकर्ता
आपले आभार. जन्मगावासाठी सुनेच्या आजींना आजच विचारायला सांगतो.